दोन डावे पंख

रविवारची दुपार होती. डहाणूच्या गिरणीत तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन मी उभी होते, हात कोपरापर्यंत पांढरे, आणि पिशवीतला फोन वाजायला लागला. हात भरलेले म्हणून वाजू दिला. तो थांबेना, तेव्हा पदराला हात पुसून घेतला. बंगळुरूहून जयवंती. आमची जुनी विद्यार्थिनी, तलासरीकडच्या झरीची. ही मुलगी उगाच फोन करणाऱ्यांतली नाही, दिवाळीला करते आणि तोही दोन वाक्यांचा. "मॅडम, सरांचं खरं आहे का?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, "कुठल्या सरांचं? काय खरं?" पलीकडून काहीच नाही. गिरणीच्या घरघरीत ऐकू येत नसेल असं वाटून मी बाहेर रस्त्यावर आले, आणि मग कळलं, की ती बोलतच नव्हती, रडत होती. "विलाससर गेले म्हणतात..."

मी चक्क तिच्यावर ओरडले. "काहीतरी बोलू नकोस, परवाच भांडलोय आम्ही!" जणू काही भांडण झालं की माणसाने निदान ते मिटेपर्यंत तरी जगायला हवं. मग वाणगावला विलासच्या घरी फोन लावला. तो त्याच्या भावाने उचलला, आणि त्याचा आवाज ऐकून विचारायची गरजच उरली नाही. जेवून कॉटवर आडवा झाला, छातीत दुखतंय म्हणाला, गाडी दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले. जरा शांतपणे लिहिता येईल असं वाटतंय, म्हणून बसले आहे. रडगाणं लिहिणार नाही. विलासला ते खपलं नसतं, आणि मला जमायचंही नाही.

विलास चुरी आणि मी वाणगावच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे तो माझा कॉलेजातला सहकारी झाला, पण मुळात शाळेतला, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. त्याचं घर डायवाल्यांचं. आमच्या वाणगाव-चिंचणीच्या पट्ट्यात घरोघरी हे काम चालतं. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात दागिन्याची नक्षी उलटी आणि खोल कोरायची, वरून सोन्या-चांदीचा पत्रा ठोकायचा, की पत्र्यावर नक्षी सुलट उठून येते. विलासचे आजोबा कोरायचे, वडील कोरायचे, आणि हा शाळेत यायचा तो बोटांना पोलादाचा काळपटपणा घेऊनच. मास्तरांनी फळ्यावर नाव लिहायला सांगितलं, की हा पठ्ठ्या आरशात धरून वाचावं लागेल असं लिहायचा. वर्ग हसायचा, मास्तर छडी द्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. उलट्या-सुलट्याच्या बाबतीत आपल्यासारखा तल्लख दुसरा कोणी नाही, हा त्याचा गर्व तेव्हापासूनचा.

इंजिनिअर होऊन त्याने बरीच वर्षं वापीला प्लास्टिकच्या कारखान्यात साचे बनवण्यात काढली. दोन हजार चौदा साली तो आमच्या कॉलेजात आला. आमचं कॉलेज डहाणू आणि तलासरीच्या मध्ये, हायवेपासून जरा आत. मी तिथे आधीपासून गणित शिकवत होते. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "अरे, चांगली वापी सोडून इथे कशाला कडमडलास? इथली पोरं तासाला कमी आणि टमटमच्या वाटेकडे जास्त बघतात." तर म्हणाला, "शैले, बादल्यांचे साचे करून कंटाळा आला. मला विमान करायचंय." मी म्हटलं, "आधी बादलीचं झाकण तरी उडवून दाखव!" त्यावर तो महिनाभर माझ्याकडे चहा प्यायला आला नाही. राग त्याच्या नाकावर असायचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल गोड-गोड लिहायची पद्धत आहे, पण विलासला गोड म्हटलं तर ज्यांना तो ठाऊक होता ती सगळी मुलं हसतील.

त्याच्याकडे कॉम्प्युटरवर डिझाईन शिकवायचा विषय होता. लॅबमध्ये मुलं उड्या मारत यायची, कारण वस्तू स्क्रीनवर गरगर फिरवता येते हे त्यांनी ऐकलेलं असायचं. विलास पहिले काही तास कॉम्प्युटर सुरूच करू द्यायचा नाही. प्रत्येकाच्या हातात एक साबणाची वडी आणि एक बोथट सुरी. वडीत झाडाचं पान कोरायचं, मग त्यात मळलेली कणीक दाबून बाहेर काढायची. पानाचं टोक वडीत डावीकडे वळलेलं असेल, तर कणकेच्या पानाचं उजवीकडे. "साचा आणि माल एकमेकांच्या उलट असतात, हे बोटांना कळू द्या, मग माऊस देतो," असं म्हणायचा. लॅबभर साबणाचा वास. शिपाई वैतागलेला. मग स्क्रीन. पंखाचा आडवा छेद काढायचा, पुढून गोलसर आणि मागे निमुळता. तो खेचून लांब केला की डावा पंख तयार. त्याचं आरशातलं रूप घेतलं की उजवा. मध्ये धड, मागे शेपटी, सगळं एकमेकांत बसवून बघायचं, कुठे घासतंय, कुठे फट राहतेय. कोणी भराभर क्लिक करायला लागलं, की मागून आवाज यायचा, "ए, माऊस आहे तो, हातोडा नाही!" आणि दिवे गेले, की पहिला प्रश्न, "सेव्ह कोणी कोणी केलं नाही?" आमच्याकडे दिवे जायचेच. कामं बुडायचीच. पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचा, आणि दुसऱ्यांदा केलेलं काम हटकून चांगलं व्हायचं. म्हणून मला तर संशय आहे, की कधीकधी तोच मेन स्विच पाडत असावा.

जयवंती त्याच्या हाताखाली आली ती दुसऱ्या वर्षाला. झरीत घरची भातशेती, वरच्या उताराला नागली, आणि उरलेल्या दिवसांत वडील उंबरगावला मजुरीला जायचे. कॉम्प्युटर तिने कॉलेजातच पहिल्यांदा हाताळला. तोंडातून शब्द फुटायचा नाही. विलास तिला मठ्ठ समजायचा, मला म्हणालाही होता. मग त्याने सगळ्यांना घरातली एक वस्तू मॉडेल करून आणायला सांगितली. कोणी बाटली केली, कोणी मोबाईलचं कव्हर. जयवंतीने सूप केलं. धान्य पाखडायचं सूप. त्याचा मागचा उंच काठ, पुढे सपाट होत गेलेला तळ, कडेचा बाक, सगळं. विलास ते किती तरी वेळ फिरवून फिरवून बघत राहिला आणि मग मला बोलवायला पळत आला. "शैले, बघ! या पोरीला बाक दिसतो." मी म्हटलं, "मठ्ठ आहे ना ती?" तर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तिला मठ्ठ म्हटलं होतं.

शेवटच्या वर्षाला तिच्या गटाने खरंखुरं विमान करायचं ठरवलं. माणूस बसणारं नव्हे, रिमोटवर उडणारं, पण पंख पसरले तर लॅबच्या टेबलाबाहेर जातील एवढं. डिझाईनची प्रमुख जयवंती. परीक्षकांच्या सोबत त्या वर्षी बंगळुरूच्या एका लहानशा ड्रोन कंपनीचे गृहस्थ येणार होते. त्यांना डिझाईनसाठी एकच जण हवा होता, आणि प्रोजेक्ट बघूनच घेणार होते. जयवंतीच्या घरी यावरून बोलणं झालेलं मला माहीत होतं. वडील स्वतः येऊन मला विचारून गेले होते, "बाई, हिचं इथे काही होईल ना? नाहीतर गुजरातेत एक स्थळ आलंय, चांगलं आहे." मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या. दुसरीकडे विलासचंही काही ठरायचं होतं. आमचे विभागप्रमुख निवृत्त होत होते, आणि ती खुर्ची आपल्याला मिळणार असं विलास धरूनच चालला होता. धरून काय, त्याने पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. निर्णय प्राचार्यांच्या हातात, आणि प्राचार्य परीक्षकांबरोबर बसणार होते.

पंख फायबरचे करायचे होते, म्हणून लाकडी साचे हवे होते. दरवाज्यांवर नक्षी कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन उंबरगावला एका शेठकडे होतं, तिथे फाईल दिली की साचा कापून मिळायचा. शेठने पहिला साचा बघून विचारलं म्हणे, "बेन, आ शुं छे? होडीचं वल्हं?" पहिला साचा डाव्या पंखाचा. तेव्हा विलास तापाने घरी होता, त्यामुळे जयवंतीनेच फाईल देऊन तो आणला. दुसरा, उजव्या पंखाचा, कापायला द्यायचा होता तेव्हा विलास परत कामावर आलेला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसरा पंख साच्यातून निघाला. मुलांनी तो पुसला, घासला, विमानाच्या उजव्या बाजूला धरला... आणि तो बसेना. मी तेव्हा तिथे चहाचा कप घेऊन उभी होते. उजवीकडे धरला तर एक तर पंखाचं पोट वर येत होतं, नाहीतर मागची कड पुढे. दोन्ही पंख डावेच होते. एक मुलगा फिस्सकन हसला आणि मीही हसले, खोटं कशाला बोलू, दृश्यच तसं होतं. विलास बाहेर निघून गेला. जयवंती दोन्ही पंख टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी पंख उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. "डाव्या-उजव्याचा पत्ता नाही, आणि विमान करायला निघालात?" प्राचार्य घाईघाईने म्हणाले, "विद्यार्थ्यांची चूक आहे सर, आपली गावाकडची मुलं, थोडं सांभाळून घ्या." माझ्या अंगाची आग झाली. विलास भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पोलादाचा. परीक्षकांनी विचारलं, "साच्याचं ड्रॉईंग कोणाचं?" स्क्रीनवर कोपऱ्यात नाव होतंच. जयवंती म्हणाली, "माझं, सर." "मग कापायला देण्याआधी तपासलं नाहीस?" ती खाली बघत उभी राहिली. कंपनीच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावणं मी बघितलं आणि मला जयवंतीचे वडील आठवले, कारण झरीहून आलेल्या त्या माणसाला मी शब्द दिला होता, परीक्षा होऊ द्या म्हणून.

"साचा मी बदलला," विलास म्हणाला. "तिची फाईल बरोबर होती. मी ती आरशातून उलटी करून उंबरगावला पाठवली." सगळे त्याच्याकडे वळले. मला तर आधी कळेचना. मग त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या घरी कागदावरचं चित्र नेहमी दागिन्याचं असतं, सुलट. ते उलटं होतं ते कोरणाऱ्याच्या हातून. कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याला पंख दाखवून साचा मागितला, की उलटं करायचं काम तो आपणहून करूनच साचा देतो. विलासने स्क्रीनवरचा तयार साचा बघितला, पंखाचं चित्र समजून, आणि वाडवडलांच्या सवयीने त्याचा हात उलटं करून मोकळा झाला. उलट्याचं उलटं. साबणाच्या वडीपासून मुलांना जे शिकवलं, त्यातच गुरुजी घसरले.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. चूक कबूल केली, मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणून सगळे पुढे गेले असते, आणि ती खुर्चीही कदाचित वाचली असती. पण तो थांबला नाही. जरासा घुटमळला, चष्मा काढला, परत लावला... "आणि हिने मला सांगितलं होतं. पाठवायच्या आधी एकदा, आणि साचा आल्यावर पुन्हा. मी ऐकून घेतलं नाही. मी म्हटलं, माझं घर तीन पिढ्या उलटं कोरतंय, तू मला उलटं-सुलटं शिकवू नकोस." हे त्या खोलीत कोणालाही माहीत नव्हतं. मला नव्हतं, तिच्या गटातल्या मुलांना नव्हतं, आणि जयवंतीने तर जन्मात कोणाला सांगितलं नसतं. विलासला मी लहानपणापासून ओळखत होते, त्याने छडी खाल्ली पण चुकलो म्हटलं नाही, तो हाच का, असं मला झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला, आणि तेही त्याला मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर डोक्यावर बसला असता.

कंपनीच्या गृहस्थांनी टोपण काढलं. जयवंतीला विचारलं, "तुला कसं कळलं, बाळा?" ती आता पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "मी दोन्ही साच्यांत डावा हात पालथा ठेवून बघितला, सर. दोन्हींत सरळ बसला. एकात तरी उजवा बसायला हवा होता." ते हसले आणि म्हणाले, "बस, मला एवढंच बघायचं होतं." निकालानंतर तिला बोलावणं आलं. वडील पुन्हा आले, या वेळी सुपारीचं खांड पुढे करत म्हणाले, "बाई, स्थळाला नाही म्हणून कळवलं."

विलासला खुर्ची मिळाली नाही. प्राचार्यांनी त्याला नंतर सुनावलं, "चुरीसर, हे तुम्ही मला केबिनमध्ये येऊन सांगायचं होतंत, बाहेरच्यांच्या समोर कॉलेजची लाज घालवलीत." विलासने ते मनाला लावून घेतलं. तो काही संत नव्हता. पुढे कित्येक दिवस कुढत होता. प्रमुखांच्या केबिनवरून जायचं टाळायला जिन्याने लांबून फिरायचा, आणि मी दोन पंखांवरून हसले होते म्हणून माझ्याशी अबोला. जयवंतीलाही सोडलं नाही. निरोपाच्या दिवशी तिला म्हणाला, "तुला दिसत होतं तर जरा मोठ्याने का नाही बोललीस?" ती म्हणाली, "सर, तुम्ही मोठ्याने बोलत होतात." मी शेजारीच उभी होते. मला वाटलं आता हा भडकणार. पण तो नुसतं म्हणाला, "हं..." आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसला.

मुलं कॉलेजातून बाहेर पडायच्या आधी त्यांनी उजवा पंख पुन्हा केला, आणि चिखल्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी विमान उडवलं. विलास पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याच्यामागे धावत होता, वयाचं भान सोडून. विमान सुरूच्या झाडांच्या वर गेलं, समुद्रावर एक छान वळण घेतलं, आणि परत येताना ओल्या वाळूत नाक खुपसून पडलं. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. विलास धापा टाकत तिथे पोचला, वाकला, आणि मुलांकडे वळून म्हणाला, "सांगा, माझं काय चुकलं?" चुकलं होतं ते रिमोट धरलेल्या मुलाचं, पण ते राहू द्या.

त्यानंतर दोन वर्षं विलास लॅबमध्ये वेगळं वागला. मी दारातून किती तरी वेळा बघितलंय. मोठ्या स्क्रीनवर चित्र काढून झालं, की माऊस सोडायचा, खुर्ची मागे सरकवायचा आणि गप्प बसायचा. कोणीतरी चूक दाखवेपर्यंत पुढे जायचंच नाही. मुलं चुळबुळायची, एकमेकांना ढोसायची. मग कोणीतरी घाबरत म्हणायचं, "सर, हे एकदा बघा ना." की हा उठून, वाकून, नाक स्क्रीनला लागेपर्यंत बघायचा. बोलणारा चुकीचा निघाला तरी आवाज चढवायचा नाही. बाकी सगळ्या गोष्टींवर चढवायचा, साबणावर, हजेरीवर, माझ्यावर. या एका गोष्टीवर नाही. त्या परवाच्या भांडणातही मी हेच म्हणत होते, की अशाने तुझा अभ्यासक्रम पुरा होत नाही. तो म्हणाला, "नाही होत तर नाही होत."

परवा त्याच्या लॅबवरून जात होते. आता तिथे नवीन शिक्षक आले आहेत, पालघरचे, तरुण, हुशार, भराभर शिकवणारे. स्क्रीनवर विमानाचं धड होतं आणि ते पुढच्या भागाकडे वळत होते, इतक्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नवीन तुकडीतली. विलासला तिने बघितलेलंही नसणार. "सर, हे एकदा बघा ना. शेपटीकडची बाजू उलटी वाटते." सरांचा चेहरा लाल झाला. "तुला मध्येच बोलायला कोणी सांगितलं?" मुलगी गोंधळली. तिने मागच्या टेबलांवर स्वतःचं काम करत बसलेल्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे बघितलं, मग सरांकडे. "इथे सांगायचं असतं, सर," ती म्हणाली.

सरांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मग ते स्क्रीनकडे वळले, धड फिरवलं, जवळ केलं, वाकून बघितलं. चांगला वेळ घेतला. "नाही, बरोबर आहे माझं," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "हो का? बरं सर," म्हणून मुलगी बसली, आणि शेजारणीच्या डब्यातला शेंगदाणा तोंडात टाकून पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागली. चुकली होती ती, आणि तिला त्याचं काहीसुद्धा वाटलं नव्हतं.